आतलं नाव

सिद्धेश्वरीनं पत्रक उलटं केलं आणि तिचा डावा हात एकदम गार पडला. एप्रिलातले सकाळचे साडेअकरा वाजले होते, तिच्या वखारीच्या पत्र्याखाली अंग भाजून निघत होतं, डोक्यावरचा पंखा गरम हवाच इकडची तिकडे करत होता, आणि हात मात्र माठात बुडवल्यासारखा गार. समोरच्या खुर्चीतला माणूस बोलतच होता. पुण्यातल्या कंपनीतून रिटायर होऊन तो सोलापूरला परत आला होता, मुरारजी पेठेतल्या वडिलांच्या घरातला खालचा हॉल रिकामा होता, तिथं सुट्टीत लहान मुलांसाठी सुतारकामाचा वर्ग काढायचा होता. मुलांच्या हातातला मोबाइल सुटावा, हाताला काहीतरी करायची सवय लागावी, फी अजिबात घ्यायची नाही. म्हणून लाकूड हवं होतं, आणि जमलंच तर खिळे, पॉलिशपेपर, गोंद, चार-दोन करवती. हे सगळं तो पाठ केल्यासारखं सांगत होता आणि ती त्यानं दिलेल्या पत्रकाच्या पाठीमागचा फोटो बघत होती. फोटोत एक लाकडी हातमाग होता, टेबलावर ठेवण्याजोगा, दीड वीत उंच. त्याला आडवा धागा नेणारा बोटाएवढा धोटा होता, कंगव्यासारखी फणी होती, आणि पुढच्या डाव्या खांबाला आडवी पट्टी जिथं मिळत होती तिथं करवतीची एक किंचित तिरकी रेघ होती. खाली छापलं होतं, 'शिवानंद सरांनी वयाच्या अकराव्या वर्षी बनवलेला माग. जिल्हा प्रदर्शनात पहिलं बक्षीस.' ती रेघ तिरकी का गेली हे सगळ्या जगात एकाच माणसाला सांगता आलं असतं, आणि तो माणूस समोर बसलेला हा शिवानंद सर नव्हता. डावऱ्या पोरीनं उजव्या हाताच्या माणसाच्या गुण्यावर, म्हणजे काटकोनाच्या पट्टीवर, रेघ मारली की ती तशी जाते.

चनबसप्पा मास्तरांचे तुम्ही का, असं तिनं विचारलं. आवाज नीट निघाला याचं तिचं तिलाच नवल वाटलं. तो खूश झाला, हो म्हणाला, बाबा नेहमी म्हणायचे की लाकूड घ्यायचं तर रुद्रप्पांच्या वखारीतच घ्यावं. त्यानं तिला ओळखलं नव्हतं. त्यात त्याचा दोष नव्हता म्हणा. चनबसप्पा हेडमास्तर होते त्या शाळेत मुलींचे वर्ग मागच्या इमारतीत भरायचे. मुलांना सुतारकाम आणि मुलींना शिवण, आणि दोन्हीच्या मध्ये गंजलेल्या गजांची एक खिडकी. त्या गजांतून तिनं त्याला वर्षभर पाहिलेलं होतं. इस्त्रीची चड्डी, बोटाला सदा पट्टी, आणि रंधा मारताना जीभ बाहेर. त्याचा रंधा कधी सरळ गेला नाही. आता टक्कल पडलं होतं, चष्मा आला होता, पण बोलताना मध्येच जीभ ओठावर यायची ती तशीच होती. तिनं त्याला चहा पाजला, विचार करून कळवते म्हणाली, आणि तो फाटकाबाहेर गेल्यावर पत्रक पुन्हा उघडून बघत बसली. निंगप्पा, जो तिच्या वडिलांच्या काळापासून वखारीतल्या मोठ्या करवतीवर होता, दारात येऊन विचारून गेला की आक्का, जेवायचं न्हाय का.

सत्तेचाळीस वर्षं. माणूस एवढ्या वर्षांत कर्ज विसरतो, नवऱ्याचा आवाज विसरतो, स्वतःच्या बाळंतपणाच्या कळा विसरतो. तिचा नवरा प्रभु घरजावई म्हणून आला आणि बारा वर्षांपूर्वी गेला, तर त्याचा चेहरा आठवायला तिला आता फोटो लागत होता. पण त्या मागाच्या एकेका पट्टीची जाडी तिला आजही अंगठ्याखाली लागायची. सहावीतली दिवाळीची सुट्टी होती. अप्पांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, रुद्रप्पांचं, सुतारमेट तेव्हा पूर्व भागात होतं, साखर पेठेच्या अलीकडच्या बोळात. अप्पा विणकरांसाठी शिसवाचे धोटे करायचे. विणकर तेलुगूत सांगायचे, अप्पा कन्नडात उत्तर द्यायचे आणि व्यवहार मराठीत व्हायचा. तिला आई नव्हती, म्हणून ती शाळा सुटली की भुश्श्यातच बसून अभ्यास करायची, आणि अभ्यास झाला की उरलेल्या तुकड्यांवर हात चालवायची. अप्पांनी तिला कधी शिकवलं नाही आणि कधी अडवलंही नाही. एकदा तिनं त्यांची लाकूड कोरायची अर्ध्या इंचाची चांगली पटाशी लाकडात लपलेल्या खिळ्यावर घातली आणि धारेला दोन खोल दाते पडले. मार बसणार म्हणून ती कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. अप्पांनी धार उजेडात धरून बघितली, जीभ टाळूला लावून टक केलं, आणि म्हणाले, ऱ्हाऊ दे, ही आता खरवडायला. त्यानंतर ती पटाशी बारीक कामाला कधी गेली नाही. वाळलेला सरस खरवडायचा, चुकलेली रेघ काढायची, की तीच हातात यायची, आणि लाकडावर शेजारी शेजारी दोन केसाएवढ्या उभ्या रेघा ठेवून जायची. बाकीच्यांना ते दिसतही नसे. तिला दिसायचं, आणि आपण अप्पांच्या हत्यारावर निशाणी केली आहे असं उगीच भारी वाटायचं.

माग तिनं बावीस दिवसांत केला. पूर्ण एकटीनं. अप्पांनी फक्त हत्यारांना धार लावून दिली, आणि सांधे बसवायच्या दिवशी निखाऱ्यावरच्या डब्यात सरस शिजवून दिला, ज्याचा जनावराच्या कातड्याचा वास मग दोन दिवस तिच्या केसांतून जात नव्हता. खांबाच्या खाचेत पट्टीचं जे टोक बसतं त्याला कुसू म्हणतात. सरस लावण्याआधी अप्पांनी कानामागची जाड पेन्सिल काढून तिच्या हातात दिली. त्यांची एक रीत होती. प्रत्येक कामाच्या एका कुसवावर ते आपलं नाव लिहायचे आणि मग ते कायमचं आत बुजवून टाकायचे. "घेणारा वरनं त्याचं नाव घालंल, घालू दे की," ते म्हणाले होते. "आत ज्यानं केलंय त्येचंच ऱ्हातंय. लिव्ह तुजं." तिनं पेन्सिलचं टोक जिभेला लावलं आणि लिहिलं, सिद्धेश्वरी, आणि खाली बारीक अक्षरात, सहावी. मग कुसू डाव्या खांबाच्या खाचेत गेला, अप्पांनी वरून एक हलकी ठोकणी मारली, आणि नाव दिसेनासं झालं. आयुष्यात तिच्या पोटात तेवढं गोड पुन्हा कधी वाटलं नाही. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण लग्न झालेल्या बाईनं असं सांगायचं नसतं.

जिल्हा प्रदर्शनात शाळा मुलींचे रुमाल आणि तोरणंच पाठवी. म्हणून तिनं अप्पांच्या मागे लागून माग त्यांच्याकरवी मास्तरांकडे पाठवला. अप्पा तो पोत्यात गुंडाळून सायकलवरून घेऊन गेले आणि मोकळे परत आले. मास्तरांनी ठिवून घेतलंय, बगू म्हणाले, एवढंच बोलले. गड्ड्याची जत्रा संपून आठवडा झाला होता, गावात अजून पाळणे उतरवत होते, तेव्हा प्रदर्शन भरलं. ती अप्पांचं बोट धरून गेली. मधल्या टेबलावर पांढऱ्या चादरीवर माग होता, त्याला लाल रिबीन होती, आणि पुढं पुठ्ठ्यावर लिहिलेलं होतं, शिवानंद चनबसप्पा, इयत्ता सहावी अ. मास्तर कुण्या साहेबाला धोटा सरकवून दाखवत होते. तिनं अप्पांचा हात ओढला. तोंड उघडलं. आणि अप्पांनी तिची बोटं इतकी जोरात दाबली की अंगठीचा वळ तिच्या करंगळीवर दुपारपर्यंत होता. "गप," ते म्हणाले. फक्त तेवढंच. येताना त्यांनी तिला जिलेबी घेऊन दिली आणि तिनं ती खाल्ली, याचाही राग तिच्या मनात स्वतःबद्दल राहून गेला होता. गरीब सुतार मोठ्या मास्तरापुढं काय बोलणार, असा तिनं त्या 'गप'चा अर्थ लावला आणि तोच अर्थ सत्तेचाळीस वर्षं उराशी धरला. अप्पांची तिला दया यायची. मास्तरांचा मात्र तिनं असा द्वेष केला की तो तिच्या अंगी लागला, त्यावर ती पोसली. पुन्हा तिनं स्वतःसाठी म्हणून लाकडाला हत्यार लावलं नाही. त्याच उन्हाळ्यात अप्पांना शाळेच्या बाकांचं काम मिळालं, मग दुसऱ्या शाळेचं, मग तिसऱ्या, धोटे सुटले, अक्कलकोट रोडला जागा झाली, वखार उभी राहिली, आणि पुतणे टपून बसलेले असताना अप्पांनी ती सगळ्यांच्या नाकावर टिच्चून तिच्या नावावर केली. आठवी ते दहावी ती त्याच बाकांवर बसली. लाकूड विकायला शिकली, घनफूट डोळ्यानं सांगायला शिकली, ओला साग सुका म्हणून खपवणाऱ्यांना पाणी पाजायला शिकली. मास्तर गेल्याचं कळलं त्या दिवशी तिनं कामगारांना जिलेबी वाटली आणि कशाची म्हणून विचारलं तर आज खावीशी वाटली म्हणाली.

पहिला विचार तिच्या मनात आला तो सुताराच्या पोरीला शोभणारा होता. द्यावं की लाकूड. बाभळीचं द्यावं, गाठाळ, ओलं, पंधरा दिवसांत पिळवटणारं. जुन्या घरांच्या तुळया फोडून द्याव्यात, आत मोडलेले खिळे असलेल्या, की पहिल्याच दिवशी त्याच्या करवतींचे दात गळून पडतील आणि आईबाप पोरांना घरी घेऊन जातील. तिनं निंगप्पाला तसा ढीग दाखवलासुद्धा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीवर शेंगाचटणी घेताना तिला सरसाचा वास आला. म्हणजे खरा आला नाही, आठवला. आणि घास हातातच राहिला. सरस गरम पाण्यानं सुटतो. हल्लीचा पांढरा गोंद मेला तरी सुटत नाही, पण जुना सरस वाफेला विरघळतो, पाऊण तास उकळत्या पाण्याचं फडकं गुंडाळून ठेवलं तर पन्नास वर्षांचा सांधा न मोडता उघडतो. आणि नाव तिथंच होतं. इतकी वर्षं ते त्या माणसाच्या दिवाणखान्यात, त्याच्या शोकेसमध्ये, त्याच्या बक्षिसाच्या पोटात बसून होतं. ती एकटीच हसली, आणि उरलेली भाकरी पोटभर जेवली.

मग ती अशी काही कामाला लागली की निंगप्पाला वाटलं आक्काला देवदर्शनाचा लाभ झाला. बाभळीचा ढीग तिनं हलवायला लावला. मुलांच्या हाताला शिवणीचं लाकूड बरं, मऊ आणि सरळ रेषेचं. तिनं स्वतः एकेक फळी वाजवून निवडली, कडा रंधून घेतल्या, कुसळ लागू नये म्हणून हात फिरवून बघितला. वर थोडा वाळलेला साग. नवी पेठेत जाऊन तिनं जाड कापडाचे वीस एप्रन शिवायला टाकले, लहान मुठीच्या करवती, पॉलिशपेपर, पट्ट्या, पेन्सिली घेतल्या. दुकानदार म्हणाला, मोठं पुण्य लागणार बघा. लागू दे की, ती म्हणाली. द्यायचं तर इतकं द्यायचं की त्याला नाही म्हणायला तोंड उरू नये. शेवटी तिनं अप्पांची हत्यारांची पेटीही काढली, जी त्यांच्या हार घातलेल्या फोटोखाली असायची, आणि तीसुद्धा देणगीत घातली. त्या पेटीत दोन दात्यांची पटाशी होती. तिच्या दोनच अटी होत्या. वर्गाच्या दारावर सागाच्या फळीवर पाटी लागेल, कै. रुद्रप्पा बडिगेर बाल सुतारकाम वर्ग; आणि उद्घाटनाच्या दिवशी तो बक्षिसाचा माग मुलांना बघायला हॉलमध्ये ठेवायचा. पाटीला शिवानंद लगेच हो म्हणाला. मागाचं म्हटल्यावर तो अडखळला. मग तो म्हणाला, जुना झालाय हो तो ताई, त्यात काय एवढं. ती म्हणाली, मुलांना हुरूप येतो. तो गप्प बसला तेवढा वेळ तिनं फोन कानाला घट्ट धरून ठेवला होता, कारण ती शांतता तिला कानानं चाटूनपुसून घ्यायची होती.

चनबसप्पा मास्तरांच्या दारावर रुद्रप्पा सुताराचं नाव. उद्घाटनाच्या सकाळी ती रिक्षातून उतरली आणि त्या पाटीकडे बघत उन्हात उभीच राहिली. पेंटरनं अक्षरं झोकात काढली होती, पिवळ्यावर निळी. आत तिनं दिलेल्या फळ्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या आणि खोलीभर शिवणीचा कोवळा वास होता. वीसेक मुलं एप्रन घालून सतरंजीवर बसली होती, मागे आईबाप, मोबाइल वर धरलेले. मास्तरांचा फोटो भिंतीवर होता, टोपीतला, तोच. त्याखाली टेबलावर माग. तिनं त्याच्याकडे लगेच बघितलं नाही. आधी नारळ फुटू दिला, हार घालून घेतला, शिवानंदचं भाषण ऐकलं, ज्यात त्यानं तिला दानशूर म्हटलं. मग तिला दोन शब्द बोलायला सांगितल्यावर ती उठली, मागाजवळ गेली आणि त्याच्या डाव्या खांबावर बोट ठेवलं. लाकूड काळवंडलं होतं, पण तिरकी रेघ जागच्या जागी होती, आणि अंगठ्याखाली पट्टी तेवढीच जाड होती. आपण इथंच रडू की काय अशी तिला भीती वाटली. रडायला ती आली नव्हती.

मुलांनो, ती म्हणाली, मला भाषण येत नाही, मी तुम्हाला एक काम दाखवते. जुना सांधा न मोडता कसा उघडायचा ते. स्वयंपाकघरातून उकळतं पाणी मागवलं. शिवानंद पुढं आला, अहो ताई, आठवण आहे ती घरातली, असं हळूच म्हणाला. ती म्हणाली, परत बसवून देते, होता त्याहून पक्का. सगळे आईबाप बघत होते, भिंतीला लाकूड उभं होतं. तो बाजूला झाला. तिनं फडकं बुडवून पिळलं, चटके सोसत खांबाभोवती गुंडाळलं, आणि थांबली. पुढच्या रांगेतल्या एका दोन वेण्यांच्या मुलीला, तिचं नाव सृष्टी, फडकं गार झालं की सांगायचं काम दिलं. आणि मग वेळ होता म्हणून तिनं मुलांना ती रीत सांगितली. करणारा आतल्या टोकावर आपलं नाव लिहितो आणि बुजवून टाकतो. बाहेर कुणी काही लिहो, आतलं नाव बदलत नाही. आता बघू या आपण, या मागाच्या आत कुणाचं नाव निघतं ते. हे बोलताना ती मुलांकडे बघतच नव्हती. शिवानंदच्या कपाळावर घाम आला होता आणि जीभ ओठावर येऊन राहिली होती. हा क्षण तिनं इतक्या वेळा मनात घडवला होता की प्रत्यक्षात तो जरा संथ वाटला. फडकं तीनदा बदललं. सरसाचा वास सुटला, कुजकट, कातड्याचा, आणि मागच्या बायकांनी नाकाला पदर लावले. तिनं मात्र छाती भरून घेतला.

तिसऱ्या फडक्याला शिवानंद उठला आणि माइकजवळ गेला. तिला वाटलं आता हा काहीतरी कारण सांगून खेळ मोडणार. तो मुलांकडे नाही, तिच्याकडे बघून बोलला.

"हा माग मी केलेला नाही. पत्रकात खोटं छापलं मी. लहानपणापासून सांगत आलो, मग खरंच वाटायला लागलं. हा रुद्रप्पांनी केला होता. ते स्वतः बाबांकडे घेऊन आले होते, माझ्या हातचा नमुना आहे म्हणाले, बाकांचं काम मला द्या म्हणाले. मी तिथंच बसलो होतो. बाबांनी काम दिलं आणि माग माझ्यासाठी ठेवून घेतला. ताई, नाव त्यांचंच निघेल."

खोलीत टाळ्या सुरू झाल्या. प्रामाणिकपणाच्या टाळ्या होत्या त्या, आणि अप्पांच्याही. कुणीतरी दारावरच्या पाटीकडे हात केला. एक आजोबा डोळे पुसत होते. सिद्धेश्वरीच्या मनात फक्त एक गोष्ट पक्की होती, की हा बापाला वाचवायला अजूनही खोटंच बोलतोय. अप्पांनी असं म्हणणं शक्य नव्हतं. स्वतःच्या हातानं पेन्सिल देणारा माणूस. तिला घाई झाली. थांबा, ती म्हणाली, उघडू तर द्या. तिनं पेटीतून पटाशी घेतली, खाचेच्या कडेला टेकवली, तळव्यानं हलके दाब दिला, आणि सांधा एक ओला आवाज करून सुटला. कुसू बाहेर आला. चिकट, तपकिरी. तिनं पदरानं पुसला.

त्यावर नाव नव्हतं. नाव लिहिलं होतं तिथं लाकूड किंचित खोलगट होतं, कुणीतरी काळजीपूर्वक, कडा न दुखावता, खरवडून काढल्यासारखं. आणि त्या खोलगट जागेत शेजारी शेजारी दोन केसाएवढ्या उभ्या रेघा होत्या. तिनं हातातली पटाशी फिरवली आणि धार त्यांच्यावर टेकवली. दोन दाते दोन रेघांवर बसले. तिनं ती काढली आणि परत टेकवली. परत बसले.

"नावच नाहीये," सृष्टी म्हणाली. मग तिनं वाकून बघितलं. "आजी, हितं कुणीतरी खोडलंय."

पण ते मागच्या रांगांपर्यंत गेलं नाही. मागे लोक उठायला लागले होते, व्हरांड्यात उपम्याच्या बशा मांडल्या होत्या, कुणीतरी मोठ्यानं म्हणालं की सरांनी सांगितलंच की, आता नाव कशाला पाहिजे. पुन्हा टाळ्या झाल्या. एका बाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, तुमच्या वडिलांचं चीज झालं बघा आज. ती मान हलवत राहिली. सायकल, पोतं, मोकळे परत आलेले अप्पा. त्याआधीच्या रात्री ती झोपल्यावर त्यांनी निखारे पेटवून पाणी ठेवलं असणार. आपल्याच पोरीचा सांधा न मोडता उघडला असणार, कारण तो इतक्या सफाईनं उघडणारा माणूस सगळ्या पूर्व भागात एकच होता. ते नाव वाचलं असणार, खाली सहावी लिहिलेलं. आणि मग भिंतीवरच्या हत्यारांतून त्यांनी नेमकी हीच उचलली, कारण ही खरवडायची होती. 'गप' हे भिऊन म्हटलेलं नव्हतं. बाक, त्यांवर ती बसली ते, त्यांच्या पैशाचा फ्रॉक, वखार, पुतण्यांच्या नाकावर टिच्चून तिच्या नावावर केलेली वखार, आणि इथं भिंतीला उभी केलेली शिवणीची ही एकेक फळी, सगळं त्या एका खरवडण्यातून आलं होतं. ती त्याला माया म्हणत आली होती. आणि फुकट गेलेला तो सगळा द्वेष, रोज नेमानं जोपासलेला, चुकीच्या घरावर टाकलेला. मास्तराच्या फोटोकडे तिनं बघितलं. चोर तोही होता, पण त्यानं चोरलं ते अप्पांचं म्हणून चोरलं. तिचं असं तिथं काही आहे हे त्या बिचाऱ्याला कधी कळलंच नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली ती या विचारानं.

हॉल रिकामा झाला होता. शिवानंद उंबऱ्याशी घुटमळला, ताई, मला माफ करा, रुद्रप्पांचा मान आज त्यांना मिळाला, असं काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, तुम्ही उपमा खाऊन घ्या. तो गेल्यावर तिनं निंगप्पाला हाक मारली, फळ्या उतरवायला तो टेम्पोबरोबर आला होता, आणि भिंतीशी ठेवलेली शिडी दाराला लावायला सांगितली.

"पाटी वाकडी हाय का?" निंगप्पानं विचारलं.

"न्हाय. सरळच हाय."

त्यानं शिडी लावली आणि धरून उभा राहिला. तिनं पदर खोचला. अठ्ठावन्न वर्षांच्या गुडघ्यांनी पाच पायऱ्या चढायला वेळ लागला. निंगप्पाला वाटलं ती हार घालणार, म्हणून त्यानं टेबलावरचा हार उचलून वर धरला. तिनं तो घेतला नाही. तिच्या डाव्या हातात पटाशी होती.

"आक्का, अप्पांचं नाव हाय की त्ये."

"म्हणूनच," ती म्हणाली.

तिनं 'रु'च्या वरच्या रेघेवर धार टेकवली आणि अंगठ्यानं दाबून खाली ओढली. रंग सोलून आला, खाली सागाचं पिवळं लाकूड दिसलं. मग 'द्र'. कडा दुखवायच्या नाहीत अशा बेतानं, हळूहळू, त्यांनीच केलं असतं तसं. व्हरांड्यात बशांचे आवाज येत होते. सृष्टी हातात बशी घेऊन दारात येऊन उभी राहिली होती आणि वर बघत होती. नाव निघत गेलं, पण प्रत्येक ओढीमागे निळ्या रंगाच्या शेजारी शेजारी दोन बारीक रेघा तेवढ्या राहत होत्या, आणि त्या काही त्या पटाशीनं निघत नव्हत्या.